समईशेजारची डबी

मी आज जो काही आहे तो सुमनकाकूंमुळं आहे, हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं विचारा. नाहीतर काय होतं, माणूस घर, नोकरी, पोरीची शाळा असं सांगत सुटतो आणि ज्यांचं नाव पहिल्यांदा घ्यायचं त्याच राहून जातात. आता तुम्ही विचाराल सुमनकाकू कोण, तर माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्या नाहीत, जातीच्याही नाहीत. पुण्यात आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ होती, आत दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा मांडव, तिथं आम्ही पोरं जेवायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला. नातं म्हणाल तर ताटाचं आणि वाढणाऱ्या हाताचं.

मी मूळचा गेवराईकडचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, म्हणजे दुकान कसलं, लिंबाखाली एक पेटी आणि हवा भरायचा पंप. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. मला पुण्यात इंजिनिअरिंगला, इन्स्ट्रुमेंटेशनला प्रवेश मिळाला तेव्हा आईनं एक पत्र्याची ट्रंक घेऊन दिली, हिरवी, आणि झाकणावर वडिलांनी सायकलीच्या लाल रंगानं माझं नाव घातलं, भगवान, ग जरा मोठा झाला आणि न कडेला दाबला गेला. ती ट्रंक घेऊन मी पुण्याला गेलो आणि पहिल्याच वर्षी नापास झालो. सगळं इंग्रजीत, काय सांगू तुम्हाला, सर फळ्यावर लिहायचे ते मी चित्र काढल्यासारखं उतरवून घ्यायचो, अर्थ काही लागायचा नाही. निकाल लागला त्या दिवशी ट्रंक भरली आणि काकूंना सांगायला गेलो की उद्यापासून माझं ताट धरू नका, मी गावाकडं चाललो, वडिलांच्या हाताखाली बसतो. काकू म्हणाल्या, बरं, जावा, पर आधी जेवून घ्या. मी जेवायला बसलो. जेवून हात धुवून आलो तर ट्रंक जागेवर नाही. आत बघतो तर माझे कपडे, पुस्तकं खाटेवर काढून ठेवलेली आणि काकू सुपानं ट्रंकेत ज्वारी ओतायल्या. म्हणलं काकू हे काय? तर म्हणल्या, माझी कणगी फुटली भगवानराव, ज्वारी कुठं ठिवू? ही संपली की ट्रंक घ्या आन जावा.

आता खानावळीतली ज्वारी ती, संपायला कितीसा वेळ लागतो. पण ती संपलीच नाही हो. खाली गेली की वरनं भर. मी तिथंच राहिलो, मांडवात बसून अभ्यास केला, पहाटे काकू भाकरीला उठायच्या तेव्हा मलाही उठवायच्या आणि चहाचा कप पुस्तकाशेजारी ठेवून जायच्या. तसा मी पदवीधर झालो.

हे झालं ऋण. आता दुसरी गोष्ट सांगतो, ती म्हणजे मिलिंद.

मिलिंद माझ्याच वर्गातला, कराडकडचा, काकूंचं माहेरही त्याच बाजूचं. गोरा, बोलका, आल्या आल्या स्वयंपाकघरात घुसणार, झाकणं उचलून बघणार, गरम भजं तोंडात टाकणार, आणि काकू उलथनं घेऊन त्याच्या मागं, अरं मेल्या, मुडद्या, हात तरी धू रं. त्याला त्या मिल्या म्हणायच्या. आणि मी? मी भगवानराव. तुमी घ्या की आणखी आमटी भगवानराव, बसा सावकाश. सगळी पोरं म्हणायची, बघा, भग्याला किती मान. पण मला विचाराल तर मला तो मान नको होता. बाई रागावते ती स्वतःच्या पोरावर. पाहुण्याला कोणी मेल्या म्हणत नाही. मिलिंद तर तिला सरळ आई म्हणायचा, आणि माझ्या तोंडातून तो शब्द कधी निघाला नाही, कारण माझी आई गावाकडं होती आणि मला ते तिच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं. मिलिंदचीही होतीच की आई, त्याला काही वाटायचं नाही. तर तेव्हापासून माझ्या पोटात हे दुखणं आहे. लई जुनं आहे.

इकडं न्यूझीलंडलाही तोच आधी आला. मी २०११ मध्ये उतरलो तेव्हा वेलिंग्टनच्या विमानतळावर घ्यायला मिलिंद, राहायला त्याचा फ्लॅट, नोकरीचा पहिला अर्ज त्यानं बसून दुरुस्त केला. उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण उपकार करणाऱ्याचा हेवा वाटला तर तो कुठं जाऊन सांगायचा? मला कामही चांगलं मिळालं, वेलिंग्टनमधल्या मोठ्या ऑफिसांच्या इमारतींचं तापमान सांभाळायचं, कुठल्या मजल्यावर किती गरम, किती गार, सेन्सर कुठं लावायचा, कुठं लावायचा नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं त्याची गंमत आहे.

मग रेखाशी लग्न झालं, आर्या झाली, आणि वेलिंग्टनशेजारी लोअर हटला आम्ही हे घर घेतलं. बघताय ना तुम्ही, जुनं लाकडी घर, खुंटांवर उभं. पण एक गोष्ट चांगली आहे, घराच्या जमिनीखाली गॅसची भट्टी आहे आणि तिथून नळकांड्यांतून प्रत्येक खोलीत जमिनीतल्या जाळीतनं गरम हवा येते. सगळ्या घराला मिळून थर्मोस्टॅट एकच, या पॅसेजच्या भिंतीवर. तो सांगतो घर गार आहे, की भट्टी पेटते, तो सांगतो पुरे, की बंद. मिलिंदचं घर वर टेकडीवर नव्या वस्तीत, दुहेरी काचा, खोलीगणिक हीटपंप. तो आला की नेहमी म्हणायचा, भग्या, तुझ्या घराला कॅरेक्टर आहे हं. इथल्या लोकांची भाषा, म्हणजे खिडक्यांतनं वारा येतो.

२०१९ साली काकूंनी गुडघ्यांमुळं खानावळ बंद केली. त्यांना इकडं बोलवायचं मी पहिल्यांदा काढलं, हे मुद्दाम सांगतो, कारण मिलिंद सगळ्यांना आम्ही बोलवलं असं सांगतो. ठरलं असं की गणपतीपर्यंत माझ्याकडं आणि गणपतीला मिलिंदकडं, कारण त्याचा गणपती मोठा असतो, अर्धं लोअर हट जेवायला येतं. काकू आल्या तो आपला श्रावण, आणि श्रावण म्हणजे इथली ऐन थंडी. विमानतळावर मिलिंदनं आई गं करून मिठी मारली. मी वाकून नमस्कार केला. काकू म्हणाल्या, सुखी ऱ्हावा भगवानराव. झालं. वीस तास विमानात बसून आल्या तरी राव काही विसरल्या नाहीत.

घरी येताना वाटेत मिलिंदकडं चहाला थांबलो. त्यानं काकूंसाठी सागवानी देव्हारा मागवून ठेवला होता, नक्षीचा, घंटा लावलेला. पण काकूंनी विचारलं, समई कुठं रं? तर मिलिंद म्हणाला, आई, इथं छताला धुराचा अलार्म आहे, ज्योत लावली की बोंबलतो, म्हणून ही बॅटरीची समई. आणि बटण दाबलं. काकू त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ही तर लायटिंग हाय. तुम्हाला सांगतो, त्या दिवसभरात मला पहिल्यांदा बरं वाटलं. गाडीत बसल्या बसल्या म्हणलं, काकू, आपल्या घरी खरी समई लावा, तेलवात, पाहिजे तेवढा वेळ. आपला अलार्म लांब आहे.

आमचे देव तोवर स्वयंपाकघरातल्या कपाटात होते, खाली कांदे, वर देव. काकूंना ते काही पटेना. मग मी जागा शोधली. या जुन्या घरांत पॅसेजच्या भिंतीत एक कोनाडा असतो, पूर्वी टेलिफोन ठेवायला केलेला, तो रिकामाच होता. मी तो पुसला, रंग दिला, लाल कापड घातलं, देव मांडले, आणि काकूंनी पुण्याहून बॅगेत गुंडाळून आणलेली पितळेची समई तिथं ठेवली. पहाटे अंघोळ झाली की काकू समई लावायच्या, पाचही वाती, आणि श्रावण म्हणून ती दिवसभर तेवत ठेवायची, तेल घालत राहायचं, रात्रीची जेवणं झाली, पोथी झाली की फुलानं शांत करायची. मी ऑफिसातून ट्रेननं यायचो, दार उघडलं की पॅसेजच्या टोकाला ती ज्योत दिसायची आणि काकूंचा आवाज, आलात व्हय? मिलिंदकडं काय, बॅटरी.

पण घर गार पडायला लागलं. आधी रेखा म्हणाली, काकूंच्या खोलीत फार गारवा आहे हो. काकूंची खोली मागच्या टोकाला. मग आर्या, ती मराठी समजते पण बोलते इंग्रजी, ती म्हणाली, बाबा, आजीज रूम इज फ्रीझिंग, लाइक, फ्रीझिंग फ्रीझिंग. काकूंना विचारलं तर म्हणायच्या, न्हाई वो, हाय की शाल. शाल होती, तिच्यावर स्वेटर होता, डोक्याला मफलर होता, आणि खोकला सुरू झाला होता. आणि गंमत बघा, काकू यायच्या आधी घर चांगलं गरम राहायचं. रात्री आम्ही भट्टी बंदच ठेवतो, इथं पुष्कळ लोक ठेवतात, पांघरुणावर पांघरूण घेऊन झोपायचं. पण पहाटे काकूंच्या मागोमाग उठून मी चालू करायचो तर ती जरा घरघरायची आणि गप्प.

मी मनाशी म्हणलं, थर्मोस्टॅट गेला. जुनाच होता, गोल, पिवळा पडलेला, नुसती फिरवायची चकती, आकडा दाखवायचा नाही. शनिवारी जाऊन नवा आणला, आकड्यांचा, वेळ लावता येणारा. मीच बसवला, दोनच बारीक तारा असतात, त्यात काही नाही. आणि जागा? जागा मला पाठ आहे. आतली भिंत पाहिजे, बाहेरची नको, ऊन पडायला नको, दाराचा वारा नको, हवेच्या जाळीच्या वर नको, चुलीजवळ नको, छातीच्या उंचीला. जुना होता ती जागा यातल्या प्रत्येक गोष्टीत बसत होती, म्हणून नवा तिथंच लावला. काकू कौतुकानं बघत होत्या, म्हणाल्या, केवढीशी डबी आन सगळ्या घराचं बघती. मी फुगलो.

आकडा आला तेवीस. मी म्हणलं, बघा, घर तेवीसवर आहे. पॅसेजमध्ये उभं राहिलं की खरंच उबदार वाटायचं. आणि काकूंच्या खोलीत गेलं की तोंडातून वाफ. मग मला वाटलं त्या खोलीचं नळकांडं कुठं तरी फाटलं असणार, म्हणून टॉर्च घेऊन घराखाली सरपटत जाऊन आलो, सगळं धड. आता तुम्ही म्हणाल, एवढा तापमानाचा माणूस तू, तुला कळेना? तर खरं सांगू का, माझं अर्धं लक्ष थर्मोस्टॅटवर आणि अर्धं मिलिंदवर. त्याला कळलं तर, एवढंच डोक्यात. रेखाला बजावलं, फोनवर खोकल्याचं काही बोलू नकोस. आणि काकूंचा फोन आला की मी शेजारीच उभा.

दुसऱ्या दिवशी रविवारी मिलिंद न सांगता आला. जोडे काढले, आई गं म्हणत सरळ काकूंच्या खोलीत. लगेच बाहेर आला. म्हणाला, भग्या, काकू तुझ्याकडं राहायला आलीय का फ्रीजमधली भाजी आहे? म्हणलं, नवं मशीन बसवलंय कालच. तो म्हणाला, मग मशीनला खोकला झालाय का बघ, हिला तर झालाय. मी म्हणलं, आकडा बघ, तेवीस आहे. तो म्हणाला, आकडा पांघरून झोपायचं का तिनं? रेखा मधे पडली, चहा घ्या म्हणाली, कोणी ऐकलं नाही. मिलिंद म्हणाला, आई, बॅग भर, आत्ताच्या आत्ता चल, आज घरी पुरणपोळी आहे, खोली गरम आहे. मी काकूंकडं बघितलं. मला वाटलं म्हणतील, न्हाई रं, मी हितंच बरी. काकू म्हणाल्या, भगवानराव, रागवू नगा, छाती भरलीया, जाते म्हंजी गणपती हुईस्तवर ऱ्हाते तिकडंच.

काय सांगू तुम्हाला. बायको दुसऱ्या खोलीत जाऊन बॅग भरायला लागली आणि मी पॅसेजमध्ये उभा. पुण्यात होतं तेच पुन्हा. त्याच्याकडं जाणार. शेवटी त्याच्याकडंच जाणार. माझ्याकडं काय होतं, एक खरी समई होती, आणि आता ती पण शांत करून चालल्या. काकू कोनाड्यापुढं उभ्या राहिल्या, हात जोडले, म्हणल्या, मागं तेल कोण घालणार, पोरगी साळंला, तुमी दोघं कामाला. बागेतलं कॅमेलियाचं फूल होतं देवावर, ते उचललं आणि एकेक ज्योत शांत केली. मग पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून मोजे चढवायला लागल्या. गुडघ्यांमुळं त्यांना ते सावकाश जमायचं. मिलिंद बॅग गाडीत ठेवून आला. मी वाकून त्यांचा दुसरा मोजा चढवून दिला, तेवढं तरी मी केलं. मग बूट. मग मफलर. मग आर्यानं काढलेलं चित्र बघणं.

आणि जमिनीखाली भट्टी धडाडली.

तुम्ही ऐकलाय ना तो आवाज, आधी एक टक्, मग भस्स, मग वारा. जाळीतनं गरम हवा आली आणि काकूंच्या लुगड्याचा काठ फडफडला. काकू पाय उचलून म्हणल्या, अगं बया, हे काय? मी थर्मोस्टॅटकडं बघितलं. तेवीसचा आकडा उतरत उतरत सोळावर आला होता. खाली बघितलं, कोनाड्यात विझलेल्या वातींचा बारीक धूर भिंतीला धरून वर चाललेला, सरळ त्या डबीकडं.

ऊन नको, जाळी नको, चूल नको, हे सगळं मला पाठ होतं. मी वेलिंग्टनमधल्या लोकांना सांगतो की सेन्सरच्या खाली फोटोकॉपीचं यंत्र ठेवू नका, कॉफीचं यंत्र ठेवू नका. पण देवापुढची समई म्हणजे चूल, हे माझ्या डोक्याला शिवलंच नाही. पाच वाती दिवसभर त्या डबीला सांगत होत्या की घर गरम आहे, गरम आहे, आणि ती बिचारी भट्टीला सांगत होती, गप्प बस. आणि तो कोनाडा मीच रंगवला होता, तेल मीच आणून दिलं होतं, मिलिंदकडं खरी समई नाही म्हणून.

मी हे मोठ्यानं बोललो. बोलायलाच पाहिजे होतं, काकू बूट घालून बसल्या होत्या. मिलिंद जो हसायला लागला तो भिंतीला धरून खाली बसला, रेखा पदर तोंडाला लावून आत पळाली. आणि काकू? काकू खुर्चीतनं उठल्या, माझ्याकडं आल्या आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. म्हणल्या, अरं येड्या! अरं मेल्या, मला गारठवून मारायला बसला हुतास की रं! आरशागत घासून रोज दिवा लावतीया म्हातारी, आन हा मुडदा निस्ता आकडं बघतुया!

आर्याला वाटलं आजी खरंच चिडली, ती रडायच्या बेतात आली. मी हसत होतो. पाठ चुरचुरत होती आणि मी हसत होतो. येड्या, मेल्या आणि मुडद्या, तिन्ही एका दमात. मिलिंदला एका वेळी एवढं कधी मिळालेलं मी ऐकलं नव्हतं.

मग काकू म्हणल्या, देव हलवायचे न्हाईत. देव बसलं तितं बसलं. ती डबी हलवा. आणि बूट न काढता खुर्चीवर बसून राहिल्या, जणू ट्रेन यायची आहे. मी जागा बघितली, समोरच्या बाजूला, बैठकीच्या दाराच्या पलीकडची आतली भिंत, सगळ्यात चांगली. पण तार तिथवर न्यायची तर घराखालनं न्यावी लागणार. मी वरनं भोक पाडून तार सोडणार, आणि खालनं कोणीतरी ती दुसऱ्या भोकातनं वर ढकलायला पाहिजे. मिलिंदनं इस्त्रीचा शर्ट घातलेला, पुरणपोळीचा रविवार. तो माझा जुना रेनकोट चढवून घराखाली शिरला.

मी वर भोकाशी कान लावून बसलेलो. तो खालनं सरपटत आला, फळ्यांच्या खालनं त्याचा आवाज आला. म्हणाला, भग्या. म्हणलं, काय? म्हणाला, तुझी ट्रंक तिनं ठेवून घेतली. मी म्हणलं, हां, मग? त्यानं कोळ्याची जाळी झटकली. मग म्हणाला, मी पण त्या वर्षी जातो म्हणालो होतो. माझेपण दोन विषय गेले होते. तर मला म्हणाली, जा मेल्या, गावाकडं जाऊन म्हशी राख. माझी बॅग नाही तिनं मागितली. आणि तार वर आली, मातीनं माखलेली.

मी ती तार धरून बसलो. आणि खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं पण आधी बरं वाटलं. इतकी वर्षं मी त्याच्या मेल्याकडं बघत होतो आणि हा माझ्या ट्रंकेकडं. मी भोकात तोंड घालून एवढंच म्हणलं, मिल्या, वर ये, चहा टाकतो.

नव्या भिंतीवर डबी बसली. काकूंनी स्वतः उठून समई परत लावली, पाचही वाती, आणि आम्ही सगळे पॅसेजमध्ये वाट बघत उभे राहिलो, भट्टी बंद होते का. नाही झाली. जाळीतनं वारा येत राहिला. आर्यानं दोन्ही पाय जाळीवर ठेवले आणि म्हणाली, स्वीट ॲज, इथली पोरं झकासला तसं म्हणतात. काकूंनी विचारलं, काय म्हणती? मिलिंद म्हणाला, गोड आहे म्हणती. मी दुरुस्त केलं नाही, तो रेनकोटात होता.

आता जायचं का राहायचं? मिलिंद बघतोय, मी बघतोय. काकूंनी आयुष्यभर पोरांच्या पंगती सांभाळलेल्या, त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. जेवाय मिल्याकडं, त्याच्या बायकूनं पुरण घातलंय, ती बिचारी वाट बघत बसली आसंल. झोपाय हितं. संध्याकाळी मला आणून सोडायचं. मिलिंदनं सोडलं. गाडीतनं उतरताना काकू म्हणल्या, मिल्याच्या पोळ्या लई मऊ झालत्या. ते त्यांनी सांगायला नको होतं, पण ठीक आहे. रात्री त्यांच्या खोलीत मी चाहूल घेतली, खोकला नव्हता. सकाळी म्हणल्या, भगवानराव, खोली जरा जास्तच तापती वो, खिडकी उघडू का? राव परत आला होता. एका दिवसाचं होतं ते अरे-तुरे. पण मिळालं होतं.

गणपतीला त्या ठरल्याप्रमाणं मिलिंदकडं गेल्या आणि तिथूनच पुण्याला. विमानतळावर मिलिंदच्या गळ्यात पडून रडल्या, मला म्हणल्या, संभाळून ऱ्हावा. आता बोला. मी गाडीत बसून रेखाला म्हणलं, बघितलंस ना? ती म्हणाली, बघितलं, तुमच्यापुढं रडायची लाज वाटली त्यांना. आता बायको आहे, ती असं म्हणणारच. पण मी ते धरून ठेवलंय.

आता काकू थकल्या. फोनवर बोलतो आम्ही, पण त्या म्हणतात, फोनवरचं कानातनं निघून जातं, कागुद धाडा, मी चष्मा लावून पुन्यांदा वाचती. म्हणून परवा लिहिलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत तर तेही वाचून दाखवतो, नक्कल ठेवलीय मी. त्यांच्या हातून वाढलेलं ज्यानं ज्यानं खाल्लं त्याचं भलं होवो, मिलिंदचंही होवो. लिहून घ्या तसंच.

तीर्थरूप सुमनकाकूंस,

भगवानचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. आम्ही सगळे बरे आहोत. आर्या आता मराठी वाचायला लागली आहे, दुकानाच्या पाट्या असतात तशी मोठी अक्षरं लिहून दिली तर वाचते. रेखाचं काम चांगलं चाललं आहे.

तुमची समई तुम्ही इथंच ठेवून गेलात, ती रोज संध्याकाळी लावतो. डबी समोरच्या भिंतीवरच आहे आणि व्यवस्थित चालते. जुन्या जागेवर स्क्रूची भोकं राहिली आहेत. रेखा बुजवा म्हणते. मी बुजवली नाहीत. घरी कोणी नवीन माणूस आलं की मी ती दाखवतो आणि तुमचा धपाटा सांगतो.

यंदाचा हिवाळा कडक आहे. इथले लोक रिकाम्या खोलीची जमिनीतली जाळी बंद करून ठेवतात, म्हणजे गरम हवा वाया जात नाही. तुमच्या खोलीची जाळी मी बंद केलेली नाही. खोली गरमच असते. मिलिंदला हे कळवू नका. त्याच्या घरी प्रत्येक खोलीला वेगळं यंत्र आहे, तो लगेच तुमच्या खोलीतलं चालू करेल आणि मग माझं काही राहणार नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात की घर आवरायला काढलं आहे, आणि ट्रंक कोणाबरोबर पाठवू का. पाठवू नका. झाकणावरचं माझं नाव पुसलं असेल तर असू द्या. तिच्यात ज्वारी भरत राहा. ही संपली की जावा, असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून सांगतो, संपू देऊ नका.

तुमचा,
भगवान